शिजलेलं बेणं

आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावात हळद मी दोनच ठिकाणी पाहिली होती, मसाल्याच्या डब्यात आणि नवरीच्या अंगावर. ती जमिनीखाली वाढते, तिचे गड्डे काढतात, वाफेवर शिजवतात, मग उन्हात वाळवतात, हे मला वसमतला आल्यावर कळलं. तोवर माझी तिशी आली होती.

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. त्यापायी मला एक खोड लागली, ती अजून पुरती गेलेली नाही. एखादी गोष्ट माहीत नसली की मी विचारत नाही, मान डोलावते. विचारलं की समोरच्याला कळणार, हिला येत नाही. मान डोलावली की निदान तेवढ्यापुरतं निभावतं.

वसमतला आले ती नवऱ्याबरोबर, रस्त्याच्या कामावर. काम पुढं तेलंगणाच्या अंगाला सरकलं तसा नवराही टोळीबरोबर सरकला. खोली मिळाली की बोलावतो म्हणाला. आधी रोज फोन यायचे, मग आठवड्याला, मग नंबरच लागेना. गावाकडं जावं तर आई-बाप राहिलेले नाहीत आणि भावाच्या घरात जागा नाही. अशा दिवसांत एका रविवारी बाजाराकडून येताना पत्र्याच्या एका हॉलातून गाणं ऐकू आलं. चाल ओळखीची होती. माझी आजी चूल फुंकताना तीच गुणगुणायची. मी आत जाऊन चपलांजवळ बसले.

उपासना संपल्यावर एक साठीची बाई माझ्याजवळ आली आणि "सलाम" म्हणाली. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत लहानथोर एकमेकांना तसंच म्हणतात. किती महिन्यांनी तो शब्द कानावर पडला होता.

"कुठली गं तू?"

मी सांगितलं.

"जेवलीस?"

मी मान डोलावली.

"खोटं बोलून राहिली," ती बाई म्हणाली. "चल."

त्या आत्या. सगळं वसमत त्यांना आत्याच म्हणायचं. त्यांच्या घरामागं एक खोली होती, तिथं मी राहायला लागले. हळदीच्या दिवसांत त्या बायकांची टोळी घेऊन शेतोशेती जायच्या. काढलेल्या हळदीतले गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, शिजवायचे ड्रम भरायचे, शिजलेली हळद पसरायची. त्या टोळीच्या मुकादम होत्या. मीही टोळीत गेले. त्या बाईनं मला ताट दिलं, छप्पर दिलं, काम दिलं, आणि एकदाही ते बोलून दाखवलं नाही. हे आधी सांगते, कारण पुढं मी काय केलं ते या उपकारांवर उभं राहून केलं.

शिरड शहापूरच्या शिवारात एका शेतकऱ्याची हळद शिजवायला आम्ही गेलो होतो. टोळी त्याला मालक म्हणायची. खरं तर त्याची जमीन फार नव्हती. त्या साली त्याच्या हळदीला कंदकूज लागली होती, म्हणजे गड्डा जमिनीतच सडतो. एक तुकडा तेवढा वाचला. त्या तुकड्यातले निरोगी गड्डे त्यानं आणि त्याच्या आईनं चार दिवस बसून हातानं निवडले आणि पुढच्या लागवडीचं बेणं म्हणून लिंबाखाली ढीग घालून ठेवले. वर हळदीचाच पाला झाकला, ऊन लागू नये म्हणून. तिकडं ती रीतच आहे. पाला झाकलेला ढीग बेण्याचा असतो, त्याला टोळीनं हात लावायचा नसतो. सकाळी आत्यांनी तो ढीग सगळ्या बायांना दाखवला. मी तेव्हा विहिरीवर पाण्याला गेले होते.

शिजवायचा कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागं ओढून आणलेली लोखंडी टाकी. मधे पाणी, खाली जाळ, आणि दोन्ही बाजूंना ड्रम. पाण्याची वाफ ड्रमात शिरते आणि हळद शिजते. दुपारी बाया भाकरी खायला बांधावर गेल्या. आत्यांचं डोकं उठलं होतं, त्याही त्यांच्यात जाऊन पडल्या. माझं आधी खाऊन झालं होतं म्हणून मी कुकरपाशी थांबले.

कुकरवाला जाळ सारता सारता म्हणाला, "शेवटचे दोन ड्रम रिकामेच हायेत. वाफ वाया चालली. गड्डे संपले का?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणलं, "आहेत की."

समोर लिंबाखाली ढीग दिसत होता. मी पाला बाजूला केला. खाली गड्डे होते, एका मापाचे, माती झाडलेले, मुळ्या काढलेले. शिजवायच्या ढिगात असे निवडलेले गड्डे मी कधी पाहिले नव्हते. माझा हात थांबला. एवढं मला नक्की आठवतं, हात थांबला. बांध तिथून शंभर पावलांवर होता. जाऊन "आत्या, हे घ्यायचे का?" एवढं विचारायचं होतं. पण बाया हसल्या असत्या. दोन महिने झाले तरी हिला ढीग कळत नाही, म्हणाल्या असत्या.

मी पाटी भरली. मग दुसरी. बाया उठून येईपर्यंत ढीग निम्म्याच्या खाली गेला होता आणि ड्रमांची झाकणं लागली होती. उरलेल्या ढिगावर मी पाला पुन्हा नीट पसरला. तो का पसरला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

मालक बाजारातून आला तेव्हा उन्हं कलली होती. तो गाडी लावून आधी लिंबाखालीच गेला. पाला उचलला. मग कुकरकडं आला आणि शेवटच्या ड्रमाचं झाकण काढायला लावलं. वाफेचा लोट गेला तसा हळदीचा तो कच्चा-गोड वास सगळीकडं पसरला. त्यानं गरम गड्डा उचलला, या हातातून त्या हातात केला आणि मोडला. आतपर्यंत शिजला होता. शिजलेला गड्डा मातीत घातला तर सडतो, त्याला कोंब फुटत नाही. हे मलाही तोवर कळलं होतं.

"कोणी काढलं?" तो म्हणाला.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कुकरवाला जाळाकडं बघत होता. त्यानं मला पाट्या आणताना पाहिलं होतं, पण वाफेची घाई त्याचीच होती, त्यामुळं तोही गप्प. मी पाटी उचलून बायांच्या मागं जाऊन उभी राहिले.

मालकाबरोबर बाजारातून आलेली त्याची आई शेतातल्या घराच्या ओट्यावरून उतरून आली. ती मोडलेला गड्डा हातात घेऊन बघत राहिली, मग आत्यांकडं वळली. "रईवारी डोळे मिटून गाणी म्हणता म्हणे तुमी. कामावर बी डोळे मिटूनच येता व्हय?"

आत्या पुढं झाल्या. "टोळी माझी हाय, मालक. ढीग दाखवायचं अन् ढिगावर ध्यान ठेवायचं काम माझं होतं. मी झोपले. मी चुकले."

"चुकले म्हणल्यानं बेणं उगवतं का?"

"न्हाई उगवत."

"मग?"

"मी बेणं शोधते. निरोगी असंल तेच आणते."

"कुणाच्या शेतातला रोग माझ्या शेतात आणता? न्हाई. माझ्या बांधावर पाय ठेवायचा न्हाई आता."

आम्ही निघालो. टेम्पोत बाया कुजबुजत होत्या, कोणी केलं असंल. एकजण म्हणाली, रानडुकरं आली असतील. दुसरी म्हणाली, डुकरं झाकण लावतात का? दोघी हसल्या. मीही हसले. आत्या समोर बघत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू व्हायच्या आधी आत्या बेणं शोधायला बाहेर पडायला लागल्या. ज्या ज्या शेतकऱ्यांकडं टोळीनं काम केलं होतं त्यांच्याकडं जायचं, कंदकूज न लागलेल्या रानातलं बेणं मागायचं आणि त्याच्या बदल्यात पावसाळ्यात त्यांच्या रानात निंदायला जायचं कबूल करायचं. मालक घेणारच नाही म्हणतोय, मग शोधायचं कशाला, असं टोळीतल्या बायांनी विचारलं. आत्या म्हणाल्या, "तो न्हाई म्हणला ते त्याचं. मी आणते म्हणले ते माझं."

मी म्हणलं, मी येते तुमच्यासंगं. मला घरात बसवत नव्हतं. रोज सकाळी त्या उठायच्या आत मी त्यांच्या अंघोळीचं पाणी तापवायची, अंगण झाडायची, त्यांच्या चपला पुसून दाराशी ठेवायची. त्या एकदा नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं लगीन हाय का आज?" मी हसण्यावारी नेलं. आज सांगेन, आता सांगेन, असं रोज चाललं होतं. रोज वाटायचं, हे घर गेलं तर मी कुठं जाऊ.

औंढ्याच्या रस्त्याला एका मोठ्या शेतकऱ्याचा मळा होता. त्यानं आम्हाला अंगणात बसवलं आणि तासभर आमच्याकडं पाहिलंच नाही. चार-पाच माणसं चहा पीत बसली होती. मग त्यानं त्यांना ओळख करून दिली.

"ही ती बाई, बेणं उकडनारी."

"व्हय, तीच," आत्या म्हणाल्या.

माणसं हसली.

"मग आता माझं बी उकडायला पायजे का?"

"न्हाई, या टायमाला कच्चंच न्यायचं म्हणते."

आता हसण्याची जात बदलली. आत्याही थोडं हसल्या. तो शेतकरी उठला, बरं म्हणाला आणि गड्याला एक पोतं भरायला सांगितलं. भरताना आत्यांनी दोन गड्डे मोडून पाहिले, वास घेतला, तुमच्या कुठल्या तुकड्यात कूज होती ते विचारलं. एवढ्या माणसांत, एवढा टोमणा ऐकून झाल्यावरही त्या विचारत होत्या. मी शेजारी उभी होते. ज्या बाईला ते हसत होते तिनं ते केलं नव्हतं, आणि जिनं केलं होतं ती पोत्याचं तोंड धरून उभी होती.

परतीच्या एसटीत आत्यांनी हातातलं तिकीट चुरगळून त्याची गोळी केली.

"आत्या, राग आला का?"

"आला ना. लई तकलीफ झाली."

"मग तिथं दिसला का नाही?"

त्यांनी गोळी खिडकीबाहेर टाकली. "पयले दिसायचा. लई तापट होते मी. माझ्या सख्ख्या बहिणीसंगं एका शब्दावरून अकरा साल बोलले न्हाई. ती मेली तवा तिच्या घराचा रस्ता मला इचारावा लागला, घर बदलून बसली होती." मग म्हणाल्या, "हा तर खोटं बी बोलला न्हाई. उकडलंच की बेणं."

मी सीटचा दांडा घट्ट धरून बसले. तेव्हा सांगायला हवं होतं. वसमत आलं, आम्ही उतरलो.

सगळेच असे नव्हते. शिरडच्या अलीकडं एका वस्तीवर बौद्ध घर होतं. नवरा शाळेत शिक्षक, शेती बायको बघायची. आत्यांनी दारातून जयभीम घातला, तिनं आतून सलाम म्हणून हाक दिली, आणि दोघी हसत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बेणं कशाला हवं हे ऐकून तिनं काही न विचारता दोन पोती काढून ठेवली. निघताना तिनं माझ्याकडं पाहिलं. "ही काहून एवढी गप?"

"तिच्या डोक्यात काही चालू हाय," आत्या म्हणाल्या. "येईल बाहेर."

मी ते शब्द घरापर्यंत उलटेपालटे करत आले. यांना कळलंय की नुसतं बोलल्या?

महिन्याचा पहिला रविवार आला. आमच्याकडं त्या दिवशी प्रभुभोजन असतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळे घेतात. पण त्याच्या आधी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, थोडा वेळ थांबतात. त्या थांबण्यात ज्याचं कुणाशी बिनसलं असेल त्यानं उठायचं, त्या माणसापाशी जायचं आणि सलाम म्हणायचा. मनात तेढ ठेवून ती भाकर घ्यायची नाही. बहुतेक वेळा दोन-तीन माणसं उठतात, सासू-सून, नाहीतर नळाच्या पाण्यावरून भांडलेले शेजारी. कधी कोणीच उठत नाही, आणि मग हॉलात पत्रा तापल्याचा तडतड आवाज तेवढा येतो.

त्या दिवशी पाळक थांबले आणि मी मान खाली घातली. शेजारी हालचाल झाली. आत्या उठल्या होत्या. मला वाटलं, आता ही बाई सगळ्यांसमोर माझ्याकडं वळणार. पण त्या माझ्यापुढून गेल्या, भाकरीच्या मेजाकडंही गेल्या नाहीत, सरळ दाराशी जाऊन चपला घालायला लागल्या.

मी मागं धावले.

"कुठं निघालात?"

"शिरडला."

"आणि भोजन?"

"पुढल्या महिन्यात हाय की."

"आत्या, तो माणूस आपल्यातला नाही. हे सलामाचं आपल्या-आपल्यात असतं."

त्यांनी एक चप्पल घालून दुसरी हातात धरली. "असं कोणी सांगितलं तुला?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

एसटीत गर्दी नव्हती. गाडी वसमतच्या बाहेर पडली आणि दोन्ही बाजूंना वाळत घातलेली हळद दिसायला लागली. आत्यांनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. त्यांची प्रार्थना मला पाठ झाली होती, कारण ती रोज तीच असायची आणि फार लांब नसायची. शेवटी त्या म्हणायच्या, "मला माझ्या मापाची ठेव." पूर्वी मला वाटायचं, ही साडीच्या पदराबद्दल वगैरे काही बोलते की काय.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी म्हणलं, "ते गड्डे मी काढले."

"ठावं हाय."

"कुकरवाल्यानं सांगितलं?"

"न्हाई. दुसऱ्या दिवशीपास्नं तू माझं पाणी तापवून राहिली. चपला पुसून राहिली. एवढी सेवा कोणी उगं करत नसतं."

मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी रागच आला, कसा कोण जाणे. "मग तुम्ही माझ्यासाठी का घेतलंत अंगावर? दहा दिवस लोकांचं ऐकून घेतलंत. मला हाकलायचं होतं. बोलायचं होतं."

"तुझ्यासाठी?" त्यांना खरंच नवल वाटलं. "तुझ्यासाठी काय घेतलं मी? तू विहिरीवर होतीस तवा मी ढीग दाखवला. परत आल्यावर तुला दाखवायला पायजे होता. न्हाई दाखवला. वरून झोपले. तेवढं माझं होतं, तेवढं घेतलं."

"आणि माझं?"

"तुझं तुझ्यापाशीच हाय. त्याला मी हात न्हाई लावला."

गाडी कुठल्याशा फाट्यावर थांबली, एक म्हातारा बकरी घेऊन चढायला बघत होता, कंडक्टर त्याला तिकिटावरून छेडत होता. मी दहा दिवस समजत होते की या बाईनं माझा गुन्हा पदरात घेतला आहे आणि मी तिच्या पदराआड उभी आहे. तसं काही नव्हतं. तिनं तिच्या वाटणीचं उचललं होतं, कमी नाही आणि जास्तही नाही. म्हणून तर ती त्या मळ्यात हसू शकली. माझ्या वाटणीचं जिथल्या तिथं होतं, लिंबाखाली, मी नीट पसरलेल्या पाल्याच्या आत.

"मी सांगितलं तर तो काय करील?" मी विचारलं.

"मला काय ठावं? मी काय देव हाय?" त्या म्हणाल्या. मग माझा हात त्यांनी मांडीवर ओढून घेतला. "घर कुठं जात न्हाई तुझं. एवढं ठावं हाय."

आम्ही बांधावरच थांबलो. पाय ठेवायचा नाही म्हणाला होता, म्हणून आत्यांनी तिथूनच हाक दिली. मालक पसरलेली हळद उलथत होता. त्याची आई लिंबाखाली बसून उरलेल्या बेण्यावर पाणी शिंपडत होती. तो फावडं न टाकता जवळ आला.

"आता काय राहिलं?"

"काही न्हाई राहिलं," आत्या म्हणाल्या. "तुमच्या मनात माझ्याबद्दल जे हाय ते तसंच ठेवून मला प्रार्थनेत बसता येईना. म्हणून आले. बेण्याचं बोलायला न्हाई आले."

त्यानं फावडं खांद्यावर टाकलं. मला वाटलं, आता तो वळणार, आणि तो वळला की मी पुन्हा वाचणार. पुन्हा वाचण्याची मला भीती वाटली. ती भीती नवी होती.

"मालक," मी म्हणलं, "ढीग मी काढला. पाल्याखालचा."

त्यानं माझ्याकडं पहिल्यांदाच पाहिलं. तोवर मी टोळीतली एक बाई होते.

"बेणं हाय, हे कळलं न्हाई तुला?"

इथं मान डोलावली असती तर झालं असतं. परगावची बाई, कळलं नसेल, असं तोही म्हणाला असता.

"कळलं नाही. पण शंका आली होती," मी म्हणलं. "गड्डे निवडलेले दिसले. हात थांबला होता माझा."

"मग इचारलं काहून न्हाई?"

"लाज वाटली. बाया हसतील म्हणून. आणि नंतर मीच वरून पाला झाकला."

लिंबाखालून म्हातारीनं विचारलं, काय म्हणून राहिली ती? तो मोठ्यानं म्हणाला, "हिनं उकडलं, आई." म्हातारी उठून आली. आता ही मारणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मारलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चार दिवस बसून निवडलं होतं गं," ती एवढंच म्हणाली. "माझी कंबर गेली त्यात."

शिवी दिली असती तर मी विसरले असते. हे विसरले नाही.

मालकानं फावडं जमिनीत रोवलं. आत्यांना म्हणाला, "बेणं कुणाकुणाचं आणलं?"

आत्यांनी सांगितलं. प्रत्येकाचं रान कुठलं, कूज होती की नव्हती, पाणी विहिरीचं की कॅनॉलचं. त्यानं मधेच दोन प्रश्न विचारले. औंढ्याच्या रस्त्याच्या मळ्याचं नाव निघालं तसा म्हणाला, "त्याचं नगं. त्याच्या वरल्या तुकड्यात रोग होता, तो सांगत नसतो कुणाला. बाकीच्याचं एकेक पोतं येगळं ठेवा. मिसळू नका. मी येऊन मोडून बघीन."

मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "लागवडीला या दोघी."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. आत्यांनीही ते मागितलं नाही. त्या सलाम म्हणाल्या, त्याला तो रिवाज ठाऊक नसावा, त्यानं नुसता हात वर केला. फाट्यापर्यंत चालत येताना मला वाटलं होतं, आता छाती मोकळी होईल, आत काहीतरी शांत होईल. तसं झालं नाही. तहान लागली होती. आत्या माझ्या पुढं दोन पावलं चालत होत्या, आणि त्यांचे हातही सैल नव्हते, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं होतं. त्यांची शांती म्हणजे काही न वाटणं, असा माझा समज होता. त्या मुठीकडं बघून तो गेला. वाटत त्यांनाही सगळं होतं. पण वाटलं म्हणून त्या थांबत नव्हत्या, लपतही नव्हत्या.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला आम्ही दोघी हॉलातल्या चटईवर बसलो. भाकरीचं ताट आलं तेव्हा माझा हात पुढं गेला आणि पुन्हा थांबला. मी आत्यांकडं वळून हळूच विचारलं, "घेऊ का?" त्यांनी डोळे न उघडता कोपरानं मला ढोसलं.

जूनमध्ये लागवडीला गेलो. मालकानं तीन पोती नाकारली होती, बाकीची घेतली होती, आणि ती बांधाच्या कडेला वेगळी लावायची ठरवलं होतं. मी सरीत वाकून गड्डा ठेवायची आणि विचारायची, कोंबाचा डोळा वर ठेवू का बाजूला? किती खोल? या पोत्यातलं झालं, आता कुठलं घेऊ? तो सुरुवातीला सांगत होता, मग वैतागला. "अगं, किती इचारशील?"

ओट्यावरून म्हातारी म्हणाली, "इचारू दे तिला. न इचारता काय होतं ते बघितलं आपण."

बाया हसल्या. मीही हसले, पण मनात काहीतरी लागलंच. आत्या पलीकडच्या सरीत होत्या, त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मी काय करते ते बघायला. मी पोत्यात हात घातला. एक गड्डा जरा मऊ लागला. तो चांगला की वाईट मला सांगता येईना. मी उठले, चिखलातून पाच सऱ्या ओलांडून म्हातारीपाशी गेले आणि तो तिच्या हातावर ठेवला.

"हा लावायचा का?"

तिनं तो नाकाशी नेला, अंगठ्यानं दाबला, आणि कुंपणापलीकडं फेकून दिला. "दुसरा आण," ती म्हणाली.